राजमहालचे लाकूड आणि बिरबल साहनी

दगड झालेले लाकूड हातात घेतले तर ते पहिल्यांदा लाकूडच वाटते. साल, रेषा, वाढीची वलये, कधीकधी किड्याने पोखरलेले भोकसुद्धा दिसते. वजन मात्र दगडाचे. ठोकले तर खणखणते. झाड पडल्यावर ते कुजण्याआधी गाळाखाली किंवा ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले आणि सिलिकायुक्त पाणी त्यात झिरपत राहिले, तर पेशीन् पेशी सिलिकाने भरून निघते. लाकडाचा घाट टिकतो, द्रव्य बदलते. अशा लाकडाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पेशींच्या भिंती आणि त्या भिंतींवरचे बारीक खळगे स्पष्ट दिसतात.

१९३२ साली लखनौ विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकाने अशाच एका लाकडाचे वर्णन प्रसिद्ध केले. लाकूड राजमहालच्या टेकड्यांतले होते. आज त्या टेकड्या झारखंडमध्ये आहेत, तेव्हा बिहारमध्ये होत्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका या मालिकेतला तो वीसेक पानांचा निबंध होता. त्यात एक नवी प्रजाती, त्याहीपेक्षा वरची पायरी म्हणजे एक नवा वंश, जगासमोर मांडला होता. नाव होते होमोझायलॉन राजमहालेन्से. प्राध्यापकाचे नाव बिरबल साहनी.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१चा, पश्चिम पंजाबातल्या भेरा या गावचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. पन्नाशी उलटल्यावर किरणोत्साराचा अभ्यास करायला युरोपात जाऊन रदरफर्डच्या प्रयोगशाळेत काम करणारा हा माणूस. सुट्ट्या लागल्या की मुलांना घेऊन हिमालयात पायी भटकायचे हा त्यांचा शिरस्ता होता. रोहतांग, झोजी ला, अमरनाथ, माचोई हिमनदी असा तो मुलूख. बिरबल या वाटांवर झाडे ओळखायला शिकले आणि दगड उचलायलाही. लाहोरला त्यांना वनस्पतिशास्त्र शिकवायला शिवराम कश्यप होते. हिमालयातल्या शेवाळवर्गीय वनस्पतींवर त्यांचा मोठा अधिकार होता.

१९११ साली पदवी घेऊन साहनी केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाले. तिथे त्यांना ए. सी. सीवर्ड भेटले आणि आयुष्याची दिशा ठरली. सीवर्ड हे त्या काळातले जीवाश्म वनस्पतींचे मोठे जाणकार होते. भारतातून गोळा होऊन इंग्लंडला गेलेले नमुने त्यांच्याकडे होते. त्यांचा नव्याने अभ्यास कोणी करावा, तर या तरुण पंजाबी विद्यार्थ्याने, असे त्यांनी ठरवले. या सहकार्यातून १९२०च्या सुमारास भारतातल्या गोंडवन वनस्पतींच्या फेरतपासणीचा निबंध निघाला. त्याआधी, विद्यार्थिदशा संपते न संपते तोच, साहनींनी लॉसन यांच्या वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची भारतीय विद्यार्थ्यांसाठी सुधारणाही करून दिली होती. आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांनी बी.एस्सी.ला हेच पुस्तक वापरले.

१९१९ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. घेऊन ते परतले. बनारसला एक वर्ष, लाहोरला एक वर्ष, आणि १९२१पासून लखनौ. नव्याने स्थापन झालेल्या लखनौ विद्यापीठाचे ते वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक. तिथेच अखेरपर्यंत राहिले. १९२० साली त्यांचा सावित्री सुरी यांच्याशी विवाह झाला होता. साहनी जिथे जिथे खडक शोधायला गेले तिथे सावित्रीबाई बरोबर असत. या जोडप्याला मूल नव्हते.

आता राजमहालच्या लाकडाकडे यायचे, तर आधी लाकडाबद्दल थोडे. झाडाच्या खोडातून पाणी वर चढते ते नळ्यांतून. देवदार, चीड यांसारख्या सूचिपर्णी झाडांत या नळ्या म्हणजे दोन्ही टोके बंद असलेल्या लांबट, अरुंद पेशी असतात. पाणी एका पेशीतून दुसरीत जाते ते भिंतींवरच्या बारीक खळग्यांतून. आंबा, साग, वड यांसारख्या फुलझाडांत या पेशींच्या जोडीला रुंद वाहिन्याही असतात, पेशीवर पेशी जोडून मधले पडदे गळालेले पाइपच जणू. सागाची फळी आडवी कापून बारकाईने पाहिली की नुसत्या डोळ्यांनाही बारीक भोके दिसतात, ती हीच. लाकूड ओळखणाऱ्याचा पहिला प्रश्न म्हणूनच असतो की वाहिन्या आहेत की नाहीत. असतील तर बहुधा फुलझाड, नसतील तर बहुधा सूचिपर्णी किंवा त्यांचे भाऊबंद.

बहुधा म्हणायचे, कारण काही मोजकी फुलझाडे या नियमात बसत नाहीत. जपान आणि तैवानमधले ट्रोकोडेंड्रॉन, पूर्व हिमालयापासून नैऋत्य चीनपर्यंत आढळणारे टेट्रासेंट्रॉन, दक्षिण गोलार्धातली ड्रिमिस आणि तिचे सगेसोयरे. यांना फुले येतात, फळे येतात, पण लाकडात वाहिन्या नाहीत. त्या काळच्या अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांना ही झाडे फुलझाडांच्या आदिपूर्वजांची शिल्लक राहिलेली खूण वाटत होती.

साहनींनी राजमहालच्या लाकडाचे छेद घेतले. जीवाश्म लाकडाचे वर्णन करायचे म्हणजे तीन दिशांनी छेद घ्यावे लागतात. एक आडवा, खोडाला काटकोनात. दुसरा उभा, गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या रेषेत. तिसरा उभाच, पण वलयाला स्पर्श करत जाणारा. दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि पाणी व कार्बोरंडमची भुकटी घेऊन घासत बसायचे. मिलिमीटरचा काही शतांश भाग उरला की प्रकाश आरपार जातो. थोडे कमी घासले तर काही दिसत नाही, थोडे जास्त घासले तर नमुनाच नाहीसा होतो. हे काम तासन् तास चालते.

छेदांमध्ये जे दिसले ते विचित्र होते. वाहिन्या नव्हत्या. सगळ्या पेशी एकसारख्या, म्हणजे सूचिपर्णींसारख्या. वाढीची वलये होती. पण पेशींच्या भिंतींवरचे खळगे सूचिपर्णींसारखे गोल आणि सुटे नव्हते. कित्येक पेशींत ते आडवे लांबट होते, एकाखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारखे. असे खळगे सूचिपर्णींच्या लाकडात सापडत नाहीत. सापडतात ते टेट्रासेंट्रॉन, ट्रोकोडेंड्रॉन यांसारख्या वाहिन्या नसलेल्या फुलझाडांत.

साहनींनी निष्कर्ष काढला की हे फुलझाडाचे लाकूड आहे, वाहिन्या नसलेल्या फुलझाडाचे, आणि तसे निबंधाच्या शीर्षकातच लिहिले. होमो म्हणजे एकसारखे आणि झायलॉन म्हणजे लाकूड, दोन्ही शब्द ग्रीक. राजमहालेन्से म्हणजे राजमहालचे. जीवाश्म वनस्पतींच्या नामकरणात अशी नावे ठरलेलीच असतात, कारण सापडतो तो झाडाचा एखादा तुकडा. पान एकीकडे, बी दुसरीकडे, लाकूड तिसरीकडे. कोणते पान कोणत्या लाकडाचे हे कळेपर्यंत प्रत्येक अवयवाला स्वतंत्र नाव देऊन ठेवायचे. नाव देताना वर्णन लिहायचे, चित्र छापायचे, सर्वांत जवळच्या ज्ञात प्रजातींपासून हे वेगळे कसे ते सांगायचे, आणि ज्या नमुन्यावर वर्णन आधारले तो पुढच्यांना तपासता येईल असा जपून ठेवायचा. हा शेवटचा भाग वाचताना किरकोळ वाटतो. पण साहनींच्या लाकडाची पुढची सगळी कहाणी त्यावरच उभी आहे.

हे लाकूड इतके महत्त्वाचे का? राजमहालचे थर तेव्हा ज्युरासिक काळातले मानले जात. आजच्या मोजमापानुसार तिथल्या लाव्हाचे वय सुमारे ११ कोटी ७० लाख वर्षे, म्हणजे क्रिटेशियस काळाचा पूर्वार्ध. फुलझाडे पृथ्वीवर कधी आणि कशातून आली, हा प्रश्न डार्विनलाही शेवटपर्यंत सतावत होता. क्रिटेशियस खडकांत ती एकदम, आणि बऱ्याच विविधतेने उगवतात, त्याआधी मात्र काहीच नाही. राजमहालचे लाकूड खरोखरच ज्युरासिक फुलझाडाचे असेल, तर ती पोकळी भरणारा पहिला भक्कम पुरावा भारतातून आला असता. आणि वाहिन्या नसलेली फुलझाडे सर्वांत जुनी या मतालाही तो बळ देणारा ठरला असता. एवढ्या मोठ्या दाव्याची सगळी भिस्त एका लाकडाच्या पेशीभिंतीवरच्या खळग्यांवर होती.

गंमत अशी की या प्रश्नाचे दुसरे संभाव्य उत्तर साहनींच्याच टेबलावर होते. त्याच १९३२ साली, त्याच मालिकेत, त्याच टेकड्यांतल्या आणखी एका वनस्पतीवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. विल्यमसोनिया सीवर्डियाना. गुरूच्या नावाने त्यांनी ही प्रजाती बांधली होती. विखुरलेले खोड, पाने आणि फुलासारखा अवयव एकत्र जोडून त्यांनी अख्ख्या झाडाचे चित्र उभे केले. ठेंगणे, जाड खोडाचे आणि वर पानांचा झुबका असलेले हे झाड आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्याच चित्राने ओळखले जाते. ते बेनेटायटेलीज या नामशेष गटातले. दिसायला सायकससारखा, पण फुलासारखे प्रजननाचे अवयव असलेला हा गट फुलझाडांत मोडत नाही. आणि या गटाच्या लाकडात शिडीसारखे खळगे असतात.

शंका लवकरच आल्या. होमोझायलॉन फुलझाडाचे नसून बेनेटायटेलीजचे किंवा त्यांच्या जवळच्या एखाद्या गटाचे असावे, अशी बाजू मांडली जाऊ लागली. तुलनेसाठी लागणारे लाकडाचे नमुने जसजसे वाढले तसतसे पारडे त्या बाजूला झुकत गेले. आज फुलझाडाचा दावा जवळपास कोणी करत नाही. नेमके कुळ मात्र अजूनही पूर्ण निर्विवाद नाही. एका लाकडाच्या आधारे ते ठरवणे अवघडच.

लखनौच्या या प्रयोगशाळेत काम एका लाकडाशी थांबलेले नव्हते. साहनींच्या कारकिर्दीचा मोठा भाग आपल्या जवळच्या मुलखाशी जोडलेला आहे. दख्खनचा लाव्हा एकावर एक थरांनी साठला, आणि दोन थरांच्या मधल्या शांत काळात तिथे तळी झाली, झाडे उगवली. ती पुढच्या लाव्हाखाली गाडली गेली. नागपूरजवळच्या टाकळीतून असे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी गोळा केले होते. हिस्लॉप म्हणजे ज्यांच्या नावाचे कॉलेज आजही नागपुरात आहे तेच. साहनींच्या काळात या कामाचे केंद्र छिंदवाड्याकडे, मोहगाव कलान या गावाच्या आसपास सरकले. तिथे चर्टच्या दगडात फळे, फुले, खोडे अशी जपली गेली आहेत की सूक्ष्मदर्शकाखाली बियांची आवरणे मोजता येतात.

तिथल्या एका फळाला साहनींनी १९३४ साली एनिग्मोकार्पन परिजाई असे नाव दिले. नावाचा पहिला भाग म्हणजे कोड्यात टाकणारे फळ, आणि दुसरा त्यांचे समकालीन वनस्पतिशास्त्रज्ञ प्राणकृष्ण परिजा यांच्या सन्मानार्थ. ते कोणत्या कुळाचे हे त्यांना तेव्हा कळले नव्हते, आणि ते नावातच सांगून टाकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. दहा वर्षांनी नागपूरच्या व्ही. बी. शुक्ल यांनी त्याच ठिकाणचे दगड झालेले एक फूल वर्णिले आणि ते याच फळाचे असल्याचे दाखवले. त्या फुलाचे नाव ठेवले साहनिअँथस. कोडे मेंदीच्या कुळापाशी येऊन पोहोचले.

मोहगाव कलानचीच आणखी एक हकिगत सांगण्यासारखी आहे. के. पी. रोडे यांनी तिथल्या एका खोडाला ताडवर्गीय ठरवून पामोझायलॉन साहनाय असे नाव दिले होते. साहनींनी के. आर. सुरंगे यांच्याबरोबर ते पुन्हा तपासले तेव्हा ते ताडाचे नव्हते. वंश बदलला, नवे नाव झाले सायक्लँथोडेंड्रॉन साहनाय. प्रजातीचे नाव मात्र नियमाने तेच राहिले, म्हणजे स्वतःच्या नावाची प्रजाती साहनींना स्वतःच दुसऱ्या वंशात हलवावी लागली. सविस्तर निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९५३ साली निघाला. सुरंगे पुढे लखनौच्या संस्थेचे संचालक झाले. आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुण्यातल्या संशोधकांनी दाखवले, की या खोडाचे नाते केळी-कर्दळीच्या गणाशी आहे. म्हणजे दुरुस्तीचीही दुरुस्ती झाली.

याच वनस्पतींच्या आधारे साहनींनी १९३४ साली दख्खनच्या लाव्हाचे वय काय, हा जुना वाद पुन्हा उकरून काढला. डायनोसॉरच्या अखेरच्या काळातला की त्यानंतरचा? वनस्पती पाहून ते नंतरच्या बाजूला झुकले. आज किरणोत्सारी मोजमापाने हे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे, अगदी दोन्ही काळांच्या सीमेवर येते. त्यांनी दाखवलेली दिशा बरोबर होती, सीमा तेवढी अधिक बारीक निघाली.

सगळीकडे असे झाले नाही. पंजाबातल्या मिठाच्या पर्वतरांगेचे वय हा दुसरा वाद. तिथल्या मिठाच्या थरांत साहनींना लाकडाचे आणि पानांच्या त्वचेचे सूक्ष्म तुकडे सापडले. त्यावरून मीठ इओसीन काळातले, म्हणजे तुलनेने अलीकडचे, असा आग्रह त्यांनी १९४०च्या दशकात धरला. वरच्या थरांचा पुरावा मात्र उलटे सांगत होता. पुढे ते थर ५० कोटी वर्षांहूनही जुने असल्याचे मान्य झाले. त्या काळात जमिनीवर झाडेच नव्हती. सापडलेले तुकडे बाहेरून शिरलेले असणार. एवढ्या काटेकोर माणसाचीही इथे चूक झाली, आणि ती साधी चूक नव्हती. वर्षानुवर्षे परिषदांतून लढवलेली होती.

या सगळ्यात साहनी अनेक दिशांना धावत होते. १९३६ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच सुमारास रोहतकजवळच्या खोखरा कोटच्या टेकाडावर त्यांना मातीचे काही ठसे दिसले. ते यौधेय गणराज्याच्या नाण्यांचे साचे निघाले. जीवाश्मांकडे पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना तुटक्या साच्यांवरून पूर्ण ओतकामाची रीत उभी करता आली, आणि त्यावरच्या ग्रंथासाठी नाणकशास्त्र परिषदेचे पदकही मिळाले. वेगेनरच्या खंडविस्थापनाच्या कल्पनेला फारसे कोणी विचारत नव्हते, त्या काळात वनस्पतींच्या पुराव्यानिशी तिची चर्चा करणाऱ्यांत ते होते.

राजमहालचा ओढा मात्र सुटला नाही. टेकड्यांमधल्या निपानिया नावाच्या गावाजवळ गाळाच्या खडकांत आणखी जीवाश्म होते. तिथे बी. पी. श्रीवास्तव यांनी एक खोड वर्णिले होते. त्याच्या लाकडाचे पाच वेगळे भाग गाभ्याभोवती मांडलेले, म्हणून नाव पेंटोझायलॉन. खोड, पाने आणि बीज देणारे अवयव एकत्र बांधून साहनींनी १९४८ साली पेंटोझायलीए हा नवा गट जाहीर केला. हे नवे प्रजाती-नाव नव्हते, नवा वंशही नव्हता. झाडांच्या वंशवृक्षावर एक अख्खी फांदी जोडली गेली होती. निबंध अमेरिकेच्या बोटॅनिकल गॅझेटमध्ये आला. या वनस्पतीचे पराग देणारे अवयव तेव्हा सापडलेले नव्हते. ते नंतर सापडले, आणि १९५३ साली त्यांना साहनिया हे नाव मिळाले.

नमुन्यांनी खोल्या भरत चालल्या होत्या, विद्यार्थी वाढत होते. जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासाला स्वतःचे घर हवे होते. १९४६ साली साहनी दांपत्याने आपली पुस्तके, नमुने आणि मिळकत एका न्यासाकडे सोपवली, आणि संस्थेचे काम सुरू झाले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते लखनौत इमारतीची कोनशिला बसली. योगायोग असा की नेहरूही १४ नोव्हेंबरचेच, आणि तेही केंब्रिजचे. कोनशिला साहनींनी स्वतः लक्ष घालून तयार केली होती. ठिकठिकाणचे जीवाश्म सिमेंटमध्ये बसवलेला तो दगड होता.

एका आठवड्याच्या आत, ९ आणि १० एप्रिलच्या मधल्या रात्री, हृदयविकाराच्या झटक्याने साहनींचे निधन झाले. वय ५७. पुढच्या वर्षी स्टॉकहोमला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेचे मानद अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली होती. समाधी संस्थेच्या आवारातच आहे. संस्था उभी राहिली ती सावित्रीबाईंमुळे. पतीच्या मागे त्यांनी तिची जबाबदारी घेतली, आणि १९५३च्या जानेवारीत इमारतीचे उद्घाटन नेहरूंच्याच हस्ते झाले.

संस्थेच्या नियतकालिकाचा, द पॅलिओबॉटनिस्टचा, पहिला खंड १९५२ साली साहनींच्या स्मृतीसाठी निघाला. तिसऱ्या खंडात, १९५४ साली, एम. एन. बोस आणि एस. सी. डी. साह यांनी राजमहालच्या लाकडावर लेख लिहिला. होमोझायलॉन हे नाव एकोणिसाव्या शतकात दुसऱ्याच एका लाकडासाठी वापरून झाले होते. नामकरणाचा नियम सरळ आहे, एक नाव दोन वंशांना देता येत नाही, आणि आधीचा हक्क आधीच्याचा. कोणा श्रेष्ठ संशोधकासाठी त्यात सूट नसते. साहनींच्याच संस्थेत, त्यांच्याच परंपरेतल्या लोकांनी त्यांचे नाव रद्द केले. नवे नाव दिले साहनिओझायलॉन राजमहालेन्से. टेकड्यांतल्या आमरापाडा गावाजवळच्या दुसऱ्या लाकडालाही त्यांनी याच वंशात नवी प्रजाती म्हणून घेतले. त्यानंतर चीनच्या ल्याओनिंगमध्ये आणि अंटार्क्टिकामध्येही अशी लाकडे मिळाली, आणि ती याच वंशाच्या नावाखाली नोंदवली गेली.